व्हर्च्युअल स्पर्धेत पहिला नंबर, खऱ्या बाजारात तोटा: असं का होतं?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. विचारणारा तरुण नेरुळच्या कॉलेजात असताना व्हर्च्युअल ट्रेडिंगच्या स्पर्धेत पहिला आला. दहा लाखांचं आभासी भांडवल मिळालं होतं, महिन्याभरात त्याचे सतरा लाख केले. आता ऐरोलीत आयटीत नोकरी करतो. साठवलेले दोन लाख घेऊन खऱ्या बाजारात उतरला, बहुतेक निफ्टीचे ऑप्शन (ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या भावाला घेण्या-विकण्याचा हक्क). सहा महिन्यांत एक लाख वीस हजार उरले. त्याचं म्हणणं असं: पद्धत तीच, चार्ट तेच, मग निकाल उलटा का? सायकॉलॉजी सुधारण्यासाठी काय करू? आणि उरलेल्या पैशांतून तोटा भरून निघेल का?

मी ठाण्यात, नौपाड्यात, ब्रोकिंगच्या धंद्यात आहे. कागदी शेअर सर्टिफिकेटच्या काळापासून लोकांचे सौदे पाहत आलोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमची अर्धी अडचण तुमच्याच वाक्यात आहे. "पद्धत तीच" ठेवलीत म्हणून पैसे गेले. स्पर्धा जिंकायची पद्धत आणि खातं टिकवायची पद्धत या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. लोक सायकॉलॉजी म्हटलं की भीती, लोभ, ध्यानधारणा असं काहीतरी बोलायला लागतात. तुमच्या बाबतीत मला आधी गणित दिसतं. सायकॉलॉजी त्याच्या मागून येते.

हे गणित एका खेळातून छान कळतं. व्हिक्टर हघानी आणि रिचर्ड ड्युई यांनी 2016 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. (हे हघानी म्हणजे 1998 मध्ये बुडायला आलेल्या लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी फंडाच्या भागीदारांपैकी एक. त्यामुळे मोठ्या पोझिशनबद्दल, म्हणजे मोठ्या डावाबद्दल, बोलायचा अधिकार त्यांना नक्कीच आहे.) वित्त शाखेचे विद्यार्थी आणि त्याच क्षेत्रात काम करणारे तरुण मिळून 61 जण घेतले. प्रत्येकाला खरे 25 डॉलर आणि अर्धा तास दिला. संगणकावर नाणं उडवायचं, हवी तेवढी रक्कम लावायची; बरोबर आलं तर तेवढीच वर मिळते, चुकलं तर लावलेली जाते. नाणं छापा पडण्याच्या बाजूने झुकलेलं होतं, छापा येण्याची शक्यता 60 टक्के, आणि हे सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. बाजारात अशी उघड सोय कुणाला कधी मिळत नाही. तरी 28 टक्के लोक पूर्ण बुडाले. 61 पैकी 18 जणांनी कधी ना कधी सगळी रक्कम एकाच फेकीवर लावली. दोन तृतीयांश लोकांनी कधीतरी काट्यावरही पैसे लावले, का तर सलग छापे आलेत, आता काटा "ड्यू" आहे!

आता कागद घ्या आणि स्वतः करून बघा. शंभर रुपयांनी सुरुवात, दहा फेकी, आणि अगदी अपेक्षेप्रमाणे सहा छापे, चार काटे. दर वेळी हातातल्या रकमेच्या 20 टक्के लावलेत तर शेवटी साधारण 122 रुपये होतात. त्याच नाण्यावर, त्याच फेकींवर दर वेळी निम्मी रक्कम लावलीत तर शेवटी 71 रुपये उरतात. अंदाज तोच, बरोबर येण्याचं प्रमाण तेच, नाणं तुमच्याच बाजूचं, आणि तरी तोटा. फक्त डाव मोठा लावला म्हणून. या नाण्यासाठी 20 टक्के हा आकडा कुठून आला, तर बेल लॅब्जच्या जॉन केली यांनी 1956 मध्ये मांडलेल्या सूत्रातून: जिंकण्याची शक्यता वजा हरण्याची शक्यता, म्हणजे 60 वजा 40.

हाच खेळ आता स्पर्धा म्हणून खेळू. कॉलेजातली दोनशे मुलं, प्रत्येकाचं नाणं वेगळं. शंभर मुलं 20 टक्के लावतात, शंभर मुलं निम्मे. ट्रॉफी कोणाला? आठ छापे आलेल्या सावध मुलाकडे 275 रुपये असतील. आठच छापे आलेल्या बेधडक मुलाकडे 640. आणि शंभर बेधडक मुलांपैकी सरासरी सोळा-सतरा जणांना आठ किंवा जास्त छापे येणारच. म्हणजे ट्रॉफी बेधडक गटातच जाणार, जवळपास ठरलेलं. फळ्यावर पहिली दहा नावं त्याच गटातली. त्याच गटातली निम्म्याहून जास्त मुलं तोट्यात आहेत, पण त्यांची नावं फळ्यावर येत नाहीत आणि त्यांचा फोटोही कुणी काढत नाही.

तुम्ही पहिले आलात त्यात तुमचा अभ्यास नव्हता असं मी म्हणत नाही. पण महिन्याभरात सत्तर टक्के हा आकडा लहान पोझिशन घेऊन होत नाही. तुम्ही मोठे डाव लावलेत आणि स्पर्धेच्या नियमांत ते शहाणपणाचंच होतं, कारण दहाव्या आणि शेवटच्या नंबरला सारखंच, म्हणजे काहीच मिळत नाही. मागे पडलेल्याने तर आणखी मोठा डाव लावायलाच हवा. आपण मुलांना नावं ठेवतो, पण म्युच्युअल फंडांचे मॅनेजरही हेच करतात. ब्राउन, हार्लो आणि स्टार्क्स यांनी 1996 मध्ये दाखवून दिलं की वर्षाच्या मध्याला मागे असलेले फंड उत्तरार्धात जोखीम वाढवतात. बक्षीस क्रमांकावर असेल तर माणूस क्रमांकासाठी खेळतो.

खऱ्या खात्याला क्रमांक नसतो. तिथे पहिल्या महिन्यात बुडालात तर दुसरा महिना नाही.

आता दुसरा फरक, जो स्पर्धेत मुळीच दिसत नाही: खर्च. तुम्ही काँट्रॅक्ट नोट (ब्रोकर पाठवतो तो सौद्यांचा आणि खर्चाचा हिशेब) उघडून शेवटपर्यंत वाचता का? माझ्या अनुभवात दहातले आठ जण ती ईमेलमध्ये न उघडताच ठेवतात. स्वस्तातले ब्रोकर ऑप्शनला साधारण 20 रुपये प्रति ऑर्डर घेतात. घेतलं आणि विकलं, झाले 40. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 47 रुपये 20 पैसे. तुम्ही लिहिलंय की दिवसाला आठ-दहा सौदे होतात. दहा धरले तर दिवसाला 472. महिन्याला वीस दिवस धरा, 9,440. दोन लाखांच्या भांडवलावर हे महिन्याला पावणेपाच टक्के झाले, आणि वर्षाला एक लाख तेरा हजारांच्या वर! यात एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), एक्स्चेंजचे आकार आणि स्टॅम्प ड्युटी धरलेलीच नाही. स्पर्धेच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा यातलं काहीच कापलं जात नव्हतं. शिवाय तिथे स्क्रीनवर दिसेल त्या भावाला सौदा होतो. खऱ्या बाजारात घेणाऱ्याचा भाव वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा, आणि तुमच्यासारख्या घाईतल्या माणसाला मधला फरक दर वेळी भरावा लागतो. लोअर सर्किट लागलेला, म्हणजे दिवसाच्या घसरणीच्या मर्यादेला टेकलेला, शेअर तर विकताच येत नाही; स्पर्धेत तो बिनदिक्कत विकला जातो.

एवढं झाल्यावर मग सायकॉलॉजी. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलेली गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेलच: हजार रुपये गेल्याचं दुःख हजार मिळाल्याच्या आनंदापेक्षा बरंच जास्त असतं. आभासी दहा लाखांत हे दुःखच नव्हतं. म्हणून स्पर्धेत तुमचा हात शांत होता. तुम्ही ज्याला तुमची शिस्त समजलात ती खरं तर पैसे आपले नसल्याची बेफिकिरी होती. परीक्षा त्या दिवशी सुरू होते ज्या दिवशी तोट्याचा आकडा तुमच्या पगाराएवढा दिसतो.

त्यातून होणारी नेहमीची चूक म्हणजे नफ्यातला सौदा पटकन बुक करायचा आणि तोट्यातला धरून बसायचं. हर्श शेफ्रिन आणि माइर स्टॅटमन यांनी 1985 मध्ये याला "डिस्पोझिशन इफेक्ट" असं नाव दिलं, पुढे टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची दहा हजार खाती तपासून तेच दाखवलं. मला मात्र हे तुर्भ्याच्या एपीएमसीत जास्त स्पष्ट कळलं. तिथला कांद्याचा व्यापारी माल कितीला घेतला हे सकाळी विकताना मनात धरत नाही. माल मऊ पडायला लागला की आजच्या भावाला काढतो, घाटा झाला तर झाला, कारण उद्या तोच कांदा आणखी कमी जाईल आणि शेजारच्या गोणीलाही लागेल. शेअर सडत नाही, वास येत नाही, म्हणून आपण "खरेदीभाव आला की निघतो" म्हणत वर्षानुवर्षं बसतो. खरेदीभाव फक्त तुम्हाला माहीत आहे. बाजाराला त्याचं काही देणंघेणं नाही. आणि तुम्ही तर ऑप्शन घेता. ऑप्शन खरोखर सडतो, रोज थोडा थोडा, एक्स्पायरीपर्यंत, म्हणजे मुदत संपेपर्यंत. तो अ‍ॅव्हरेज करणं, म्हणजे भाव पडला म्हणून आणखी घेऊन सरासरी खाली आणणं, हे कुजत चाललेला माल आणखी घेणं.

एक वेगळी गोष्ट, कदाचित म्हाताऱ्याची कुरकुर वाटेल. पूर्वी आमच्या ऑफिसात टर्मिनलसमोर सात-आठ जण बसायचे. कुणी तोट्यात चौथ्यांदा अ‍ॅव्हरेज करायला निघाला की शेजारचा म्हणायचा, "अहो, पुरे आता, चहा घ्या." त्या टोकण्याने बरेच पैसे वाचायचे. आता खुर्च्या रिकाम्या आहेत. तुम्ही लिहिलंय की सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा तुम्ही ठाण्याहून ऐरोलीच्या गाडीत असता आणि उभ्या उभ्या पहिला सौदा टाकता. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात फोन, आणि दिवसातली सगळ्यात उड्या मारणारी पंधरा मिनिटं. माझा स्पष्ट सल्ला: गाडीत अ‍ॅप उघडायचंच नाही. ऑफिसच्या वेळेत नोकरी करणाऱ्याने इंट्राडे (घेतलेलं त्याच दिवशी विकणं) करूच नये असं माझं मत आहे. पटत नसेल तर निदान दहाच्या आधी सौदा करू नका.

आता थोडं स्ट्रॅटेजीबद्दल, कारण स्पर्धेने तुम्हाला एक चांगली गोष्टही शिकवली असणार: भाव म्हणजे दुसरे काय करतील याचा अंदाज. रविवारी सकाळी आम्ही काही जण ठाण्यात जमतो, तिथे नव्या माणसांना मी एक खेळ खेळायला लावतो. प्रत्येकाने चिठ्ठीवर 0 ते 100 मधला एक आकडा लिहायचा. सगळ्यांची सरासरी काढायची, आणि तिच्या दोन तृतीयांशाच्या सर्वांत जवळ जो असेल तो जिंकला. विचार करत गेलात तर: सगळ्यांनी सहज काहीतरी लिहिलं तर सरासरी 50, म्हणून मी 33 लिहावं. पण सगळेच असा विचार करतील, म्हणून 22. मग 15. असं करत शेवटी 0. एकदा गणिताच्या निवृत्त शिक्षिका आल्या होत्या, त्यांनी ठामपणे 0 लिहिलं. जिंकला तो 21 लिहिणारा एक रिक्षावाल्यांच्या युनियनचा हिशेबनीस. बाई चिडल्या, "माझं उत्तर बरोबर आहे!" उत्तर तर्काने बरोबरच होतं, पण खोलीतली माणसं तिथवर पोचली नव्हती. रिचर्ड थेलर यांनी हाच खेळ 1997 मध्ये फायनान्शियल टाइम्सच्या वाचकांना दिला होता. ते वाचक बऱ्यापैकी मुरलेले, तरी जिंकणारा आकडा 13 निघाला.

थोड्या मुदतीचं ट्रेडिंग म्हणजे हा चिठ्ठ्यांचा खेळ आहे. कंपनी महाग आहे हे तुम्ही बरोबर ओळखलंत तरी बाकीचे आणखी सहा महिने घेतच राहिले तर तुम्ही 0 लिहून हरलात. आणि समोर चिठ्ठी लिहिणारे कोण आहेत? मोठ्या फंडांची यंत्रं. दीर्घ मुदतीच्या गुंतवणूकदाराला हा खेळ खेळावाच लागत नाही. त्याने कंपनीच्या कमाईवर पैसे लावलेले असतात, शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर नाही. लहान माणसाकडे मोठ्यांपेक्षा एकच गोष्ट जास्त आहे, ती म्हणजे थांबायची मुभा. आपल्याला तिमाहीचा निकाल कुणाला दाखवायचा नसतो. तीच सोडून आपण वेगाच्या शर्यतीत कशाला उतरायचं?

तुम्हाला वाटेल म्हातारा घाबरवतोय, म्हणून सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे, आकडे. सप्टेंबर 2024 च्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष 2022 ते 2024 या तीन वर्षांत फ्युचर्स (पुढच्या तारखेचे करार) आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात गेले, खर्च धरून सरासरी सुमारे दोन लाख रुपये. एक लाखाच्या वर नफा काढणारे फक्त एक टक्का. म्हणजे तुमचे ऐंशी हजार सरासरीपेक्षा कमीच आहेत, त्यातच समाधान माना.

मग "भरून काढता येईल का?" दोन लाखांचे एक लाख वीस हजार झाले, हा 40 टक्के तोटा. परत दोन लाखांवर जायला 67 टक्के नफा लागतो. तो लवकर हवा असेल तर पुन्हा मोठा डाव, आणि मोठ्या डावाचं काय होतं ते नाण्याच्या हिशेबात पाहिलं. त्यामुळे "भरून काढणे" हा शब्दच डोक्यातून काढा. आज तुमच्याकडे एक लाख वीस हजार आहेत, सुरुवात इथून आहे.

एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून जास्त जाऊ द्यायचं नाही, म्हणजे तुमच्यासाठी 1,200 रुपये. समजा एखादा शेअर 480 ला घ्यायचाय आणि 460 च्या खाली गेला तर तुमचा अंदाज चुकला असं तुम्ही मानता. प्रति शेअर 20 रुपये जोखीम, म्हणून 60 शेअर, झाले 28,800 रुपये. आधी स्टॉपलॉस, म्हणजे तोटा मानून बाहेर पडायचा भाव, त्यावरून संख्या. बहुतेक लोक आधी संख्या ठरवतात आणि स्टॉपलॉस नंतर, तोही मनातल्या मनात. हाच नियम इंडेक्सच्या फ्युचरला लावून बघा. सेबीने नोव्हेंबर 2024 पासून नव्या काँट्रॅक्टचं मूल्य किमान 15 लाख केलं. निर्देशांक एक टक्का हलला की 15 हजार, म्हणजे तुमच्या भांडवलाच्या साडेबारा टक्के. मार्जिनलाही (सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत) पैसे पुरणार नाहीत. म्हणूनच लोक स्वस्त दिसणारा ऑप्शन घेतात आणि प्रीमियम (ऑप्शनसाठी मोजलेली किंमत) शून्य होताना बघत बसतात. तुमच्या भांडवलाला हा बाजार बसतच नाही. ऑप्शन बंद करा, निदान वर्षभर.

4 जून 2024 आठवा. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी चढला होता आणि सगळे तेजीत होते. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी तो 4,390 अंकांनी पडला, निफ्टी जवळपास सहा टक्के. 7 तारखेला सेन्सेक्स 3 जूनच्याही वर बंद झाला. ज्यांनी स्वतःच्या पैशांनी डिलिव्हरी, म्हणजे शेअर खात्यात, घेतली होती त्यांचं त्या आठवड्यात काही बिघडलं नाही. ज्यांनी उसन्या मार्जिनवर घेतलं होतं त्यांचे सौदे 4 तारखेला खालच्या भावात कापले गेले, त्यामुळे 7 तारीख त्यांच्या उपयोगाची नव्हती. अंदाज दोघांचा एकच होता.

वही ठेवा, खरी, कागदाची. सौद्याआधी चार ओळी: काय घेतो, का घेतो, कुठे चूक मानणार, किती घेणार. सौदा संपला की नफा-तोटा लिहायच्या आधी एवढंच लिहा: आधी लिहिलेलं पाळलं का, हो की नाही. पाळून तोटा झाला तर तो सौदा चांगला. न पाळता नफा झाला तर तो वाईट, आणि तोच सगळ्यात धोक्याचा, कारण तो पुन्हा करावासा वाटतो. तीस सौद्यांनंतर "नाही" मोजा. ध्यानधारणेपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. घरातल्या एकाला तरी दर महिन्याला खातं दाखवा. तुमच्या प्रश्नात वडिलांना माहीत नसल्याचा उल्लेख आहे. ज्याच्यापासून तोटा लपवायचा आहे त्याला कळायच्या आत तो भरून काढायची घाई होते, आणि माझ्या पाहण्यातल्या मोठ्या तोट्यांमागे बहुधा हीच घाई असते.

यंदा माजी विद्यार्थी म्हणून पुन्हा स्पर्धेत उतरू का, हाही प्रश्न होता. कॉलेजची असेल, पैसे लागत नसतील तर जरूर उतरा, आणि तिथे बिनधास्त मोठे डाव लावा. पण चालू भावांवर चालणाऱ्या, फी घेऊन बक्षीस देणाऱ्या अ‍ॅपच्या भानगडीत पडू नका. शेअरच्या भावांवर चालणाऱ्या अशा आभासी ट्रेडिंग आणि फँटसी खेळांबद्दल सेबीने नोव्हेंबर 2024 मध्ये गुंतवणूकदारांना सावध केलंय. तिथे पैसे अडकले तर सेबीकडे किंवा एक्स्चेंजकडे दाद मागता येत नाही.

शेवटी एक कामाची गोष्ट, जी तुम्ही विचारलीच नाही. ऑप्शनमधला तोटा आयकरात बिगर-सट्टा व्यवसायाचा तोटा धरला जातो. विवरणपत्र मुदतीत भरलंत तर तो पुढच्या आठ वर्षांपर्यंत व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा करता येतो, पगारातून मात्र नाही. इंट्राडे शेअरमधला तोटा सट्टा धरतात, तो चारच वर्षं पुढे नेता येतो आणि सट्ट्याच्याच नफ्यातून वळता होतो. नोकरदार मुलं नेहमीचा साधा फॉर्म भरून मोकळी होतात आणि हा तोटा दाखवतच नाहीत. ब्रोकरच्या अ‍ॅपमधून टॅक्स पी अँड एल (करासाठीचा नफा-तोट्याचा तक्ता) उतरवून घ्या आणि या वर्षी तरी एखाद्या सीएकडून विवरणपत्र भरा.